जांघेतील दुर्मिळ हर्निया : वेळेवरच्या शस्त्रक्रियेचे मोल

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबरच एखाद्या आजाराची ओळख करून द्यावी, असा आमचा प्रयत्न असतो. आपल्या देणगीतून नेमके कोणते काम उभे राहते हे देणगीदारांना कळावे आणि रुग्णाच्या घरच्यांना वेळीच सावध होता यावे, असा त्यामागचा दुहेरी हेतू आहे. या लेखासाठी आम्ही जांघेतील हर्नियाचे काही विरळा आढळणारे प्रकार निवडले आहेत. ते संख्येने थोडे असले तरी त्यांच्यापायी होणारी हानी मोठी असते. ती बहुतांशी टाळता येण्याजोगी असते, हे आम्हांला आवर्जून सांगावेसे वाटते.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत शस्त्रक्रिया करणाऱ्या कोणाही डॉक्टरांना पुढील चित्र परिचयाचे वाटेल. हे कोणा एका रुग्णाचे वर्णन नव्हे. अनेकींच्या कहाण्यांतील समान धागा तेवढा येथे घेतला आहे. सत्तरीच्या घरातील, अंगाने कृश अशी आजी. चार-पाच बाळंतपणे झालेली, आयुष्यभर शेतात खपलेली. दोन दिवसांपासून उलट्या होत आहेत, पोट फुगले आहे, शौचास झालेले नाही. घरच्यांना वाटते, शिळे खाल्ल्याने पित्त झाले असावे. गावात सलाईन लागते, तात्पुरता उतार पडतो. तिसऱ्या दिवशी मुखेड किंवा निलंग्याहून गाडी करून त्यांना शहरात आणतात. तपासताना लुगड्याची गाठ सैल करून जांघ पाहिली, की तिथे लिंबाएवढी एक टणक, दुखरी गाठ हाताला लागते. विचारल्यावर आजी हळूच म्हणतात, “ती तर वर्षापासून आहे. कोणाला सांगायचं?”

हा लेख त्या वर्षाविषयी आहे.

हर्निया म्हणजे काय

हर्नियाला मराठीत अंतर्गळ म्हणतात. सुश्रुतसंहितेत ‘आंत्रवृद्धी’ या नावाने त्याचे वर्णन आलेले आहे, इतका हा विकार जुना आहे. पोटाची भिंत स्नायूंच्या आणि चिवट पडद्यांच्या थरांनी बनलेली असते. पोत्याची शिवण एखाद्या ठिकाणी उसवली की आतले धान्य तिथून डोकावू लागते. त्याचप्रमाणे भिंतीतील कमकुवत जागेतून पोटाचे अस्तर पिशवीसारखे बाहेर येते आणि त्या पिशवीत आतडे किंवा आतील चरबी उतरते. उभे राहिल्यावर, खोकल्यावर किंवा ओझे उचलल्यावर फुगवटा दिसतो आणि आडवे झाल्यावर तो आत जातो.

जांघेच्या परिसरात अशा जागा मुख्यतः तीन आहेत. कमरेच्या हाडापासून ओटीपोटाच्या खालच्या हाडापर्यंत एक ताठ पट्टा तिरका गेलेला असतो. त्याच्या वरच्या अंगाला वंक्षण नलिका असते. येथून होणारा वंक्षण हर्निया सर्वाधिक आढळतो आणि तो बहुतांशी पुरुषांना होतो. साधारणपणे दर चार पुरुषांपैकी एकाला आयुष्यात केव्हातरी तो होतो असे मानले जाते. त्याच पट्ट्याच्या खाली, मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शेजारी दुसरी अरुंद फट असते. तिच्यातून होतो तो फिमोरल हर्निया. तिसरी जागा आणखी खोल, कटीच्या हाडातील एका छिद्रापाशी असते. तिच्यातून होतो तो ऑब्ट्युरेटर हर्निया. पहिल्या प्रकाराची माहिती गावोगाव आहे. उरलेल्या दोहोंची नावेही बहुतेकांच्या कानांवरून गेलेली नसतात.

फिमोरल हर्निया : लहान गाठ, मोठा धोका

जांघेतील एकूण हर्नियांमध्ये फिमोरल हर्नियाचे प्रमाण शेकडा पाचाच्या आतबाहेर असते. तो स्त्रियांमध्ये, विशेषतः उतारवयात अधिक आढळतो. वारंवारची बाळंतपणे, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता आणि वयोमानाने आलेला कृशपणा ही त्याला पोषक ठरणारी कारणे होत.

या हर्नियाचा धोका त्याच्या वाटेच्या घडणीत आहे. ही फट तीन बाजूंनी ताठ पट्ट्यांनी वेढलेली असते आणि चौथ्या बाजूस मांडीची मोठी नीला असते. त्यामुळे तिचे तोंड सैल होत नाही. आत शिरलेले आतडे घट्ट अंगठीत अडकलेल्या बोटासारखे सुजते आणि सुजल्यामुळे अधिकच अडकते. प्रथम त्यातून अन्नरस पुढे सरकणे थांबते. पुढे त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत तेवढा भाग निर्जीव होऊ लागतो. या अवस्थेला आम्ही ‘स्ट्रँग्युलेशन’, म्हणजे आतड्याला फास बसणे असे म्हणतो.

हा धोका किती, याचे उत्तर लंडनमधील एका अभ्यासाने १९९१ साली दिले. साध्या वंक्षण हर्नियात गाठ दिसू लागल्यापासून तीन महिन्यांत फास बसण्याची शक्यता शेकडा तीनहून कमी आढळली. फिमोरल हर्नियात तीच शक्यता तीन महिन्यांत शेकडा २२ आणि २१ महिन्यांत शेकडा ४५ इतकी निघाली. म्हणजे आजींनी मनात दडवलेले ते एक वर्ष किती जोखमीचे होते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, हर्नियाचा फारसा त्रास नसलेल्या पुरुषांनी काही काळ नुसती देखरेख ठेवली तरी चालते, असे दिसून आले. हा निष्कर्ष पुरुषांच्या साध्या हर्नियापुरता आहे. तो स्त्रियांना किंवा फिमोरल हर्नियाला लावता येत नाही. २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही स्त्रियांच्या जांघेतील हर्नियाची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकू नये, असे सुचवले आहे.

ही गाठ ओळखण्यात चूक होण्याचे आणखी एक कारण आहे. पायाला काटा रुतला किंवा जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते. फिमोरल हर्नियाची गाठ नेमकी त्याच जागी आणि दिसायलाही तशीच असते. म्हणून तिच्यावर शेक, लेप आणि गोळ्या यांत आठवडे निघून जातात. पायाला जखम नसताना जांघेत गाठ आली असेल, तर ती अवधाण समजून अंगावर काढू नये.

ऑब्ट्युरेटर हर्निया : कळ गुडघ्यात, कारण पोटात

हा प्रकार त्याहूनही विरळा, सर्व हर्नियांमध्ये शेकडा एकाहून कमी आढळणारा आहे. तो प्रामुख्याने वृद्ध, अतिशय कृश स्त्रियांना होतो. कटीच्या हाडातील ज्या छिद्रातून एक मज्जातंतू मांडीत उतरतो, त्याच्या भोवती एरवी चरबीची गादी असते. वजन घटले की ती गादी झिजते आणि रिकाम्या जागेत आतडे शिरते.

त्याची गाठ स्नायूंच्या आड असल्यामुळे बाहेरून सहसा दिसत नाही आणि हातालाही लागत नाही. काहींमध्ये मात्र एक खूण मिळते. दबलेल्या मज्जातंतूमुळे मांडीच्या आतील बाजूने गुडघ्यापर्यंत कळ जाते, पाय सरळ केला की ती वाढते आणि पाय दुमडला की कमी होते. ही खूण सर्वांमध्ये आढळत नाही. जिथे आढळते तिथेही घरचे तिला वात किंवा गुडघ्याची झीज समजतात आणि उलट्यांचा त्या दुखण्याशी संबंध असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. पूर्वी हे निदान बहुधा पोट उघडल्यावरच होत असे. आता सी. टी. स्कॅनमुळे ते शस्त्रक्रियेपूर्वी करता येते. मात्र तो काढण्याचा विचार डॉक्टरांच्या मनात यावा लागतो.

फसवे आणि अनपेक्षित प्रकार

काही वेळा आतड्याची संपूर्ण नळी न अडकता तिच्या भिंतीचा एका बाजूचा भाग तेवढा फटीत पकडला जातो. अठराव्या शतकातील जर्मन शल्यविशारद रिश्टर यांच्या नावाने हा हर्निया ओळखला जातो. आतड्याची वाट पूर्ण बंद न झाल्याने रुग्णाला शौचास होत राहते, पोटही फारसे फुगत नाही आणि सर्व काही ठीक असल्याचा भास होतो. तोवर पकडलेला भाग निर्जीव होत असतो. शौचास होत आहे एवढ्यावरून दुखऱ्या गाठीविषयी निश्चिंत राहू नये, हा यातला धडा आहे.

दुसरा प्रकार ‘सरकता’ हर्निया. यात मोठे आतडे किंवा मूत्राशय स्वतःच पिशवीची एक भिंत बनून खाली सरकलेले असते. शस्त्रक्रिया करताना ही गोष्ट ध्यानात आली नाही, तर पिशवी समजून त्या अवयवालाच इजा होऊ शकते. लहान मुलींच्या हर्नियात कधी कधी बीजांडकोश उतरलेला असतो आणि त्याला पीळ पडण्याचा धोका असतो. म्हणून मुलीच्या जांघेत न दुखणारी बारीक गाठ दिसली, तरी ती मोठी झाल्यावर पाहू असे म्हणू नये.

क्वचित पिशवीत आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स सापडते. १७३५ साली लंडनमध्ये क्लॉडियस अमियांड यांनी अकरा वर्षांच्या एका मुलाच्या हर्नियात छिद्र पडलेले आंत्रपुच्छ पाहिले आणि ते काढून टाकले. आंत्रपुच्छ काढण्याची ही इतिहासातील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया मानली जाते. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मुलाच्या धैर्याचीही कल्पना येते.

शस्त्रक्रियेत काय केले जाते

हर्निया औषधाने बरा होत नाही. पट्टा बांधल्याने फट बुजत नाही आणि फिमोरल हर्नियावर पट्टा बांधणे तर घातकच आहे. शस्त्रक्रियेची मुख्य कामे तीन : पिशवीतील अवयव सुखरूप पोटात परत ठेवणे, पिशवी काढणे किंवा आत ढकलणे आणि ज्या फटीतून ती आली ती फट पक्की बंद करणे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील बासिनी यांनी स्नायूंचे थर टाक्यांनी जोडून ही भिंत पुन्हा उभारण्याची शास्त्रशुद्ध पद्धत रूढ केली. पण कापड ताणून शिवले तर शिवणीवर ताण येतो, तसे येथेही होत असे आणि काही रुग्णांमध्ये हर्निया पुन्हा उद्भवत असे. १९८०च्या दशकात अमेरिकेतील लिख्टेनस्टाइन यांनी कृत्रिम धाग्याच्या जाळीचे ठिगळ लावून ताणरहित दुरुस्तीचा पुरस्कार केला. आज वंक्षण हर्नियासाठी ती पद्धत जगभर वापरली जाते.

दुर्मिळ प्रकारांत मात्र साधा वंक्षण हर्निया दुरुस्त करण्याची नेहमीची पद्धत पुरत नाही, कारण ती वरची फट बुजवते आणि खालची तशीच राहते. स्वीडनच्या राष्ट्रीय हर्निया नोंदणीवर आधारित, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक लक्षणीय गोष्ट दिसली. वंक्षण हर्निया म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या ज्या स्त्रियांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, त्यांपैकी सुमारे ४० टक्के स्त्रियांमध्ये दुसऱ्या वेळी फिमोरल हर्निया सापडला. पुरुषांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत होते. यावरून स्त्रीच्या जांघेवर शस्त्रक्रिया करताना पट्ट्याखालची फटही तपासली पाहिजे, हे स्पष्ट होते.

दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेचा फायदा येथे दिसतो. पोटाच्या भिंतीच्या आतल्या बाजूने पाहिल्यावर वंक्षण, फिमोरल आणि ऑब्ट्युरेटर या तिन्ही वाटा एकाच दृष्टिक्षेपात येतात आणि पुरेशी मोठी जाळी पसरून त्या झाकता येतात. म्हणूनच कुशल शल्यविशारद व साधने उपलब्ध असतील, तर स्त्रियांसाठी या पद्धतीला प्राधान्य द्यावे असे सांगितले जाते. तिच्यासाठी सहसा संपूर्ण भूल द्यावी लागते. हृदय किंवा फुप्फुसे दुबळी असलेल्या वृद्ध रुग्णाला ती सोसणार नसेल, तर कमरेतून किंवा केवळ त्या जागेपुरती भूल देऊन उघड्या पद्धतीने फिमोरल हर्नियाची शस्त्रक्रिया करता येते. कोणती पद्धत निवडायची हे रुग्णाच्या प्रकृतीवरून ठरते. दुर्बिणीची म्हणजे भारी आणि टाक्यांची म्हणजे हलकी, असा त्यात भेद नाही.

या जागेत हात घालताना विशेष दक्षता घ्यावी लागते. एका बाजूस मांडीची मोठी नीला असते. काही व्यक्तींमध्ये हाडाच्या कडेवरून एक आडवी रक्तवाहिनीही गेलेली असते. ती नकळत कापली गेल्यास रक्तस्राव आवरणे कठीण होते, म्हणून जुन्या शल्यविशारदांनी तिला लॅटिनमध्ये ‘कोरोना मॉर्टिस’, म्हणजे ‘मृत्यूचा मुकुट’ असे नाव दिले.

आतड्याला फास बसल्यावर सारेच बदलते. फास सैल केल्यावर आतडे कोमट, ओल्या कपड्यात गुंडाळून काही वेळ वाट पाहिली जाते. त्याचा रंग पुन्हा गुलाबी झाला आणि त्यात हालचाल दिसली, तर ते पोटात ठेवता येते. काळवंडलेलेच राहिले, तर तेवढा भाग कापून दोन्ही टोके जोडावी लागतात. जंतुसंसर्गाची भीती असल्याने अशा वेळी जाळी वापरणे बहुधा टाळतात. जी शस्त्रक्रिया नियोजित असती तर रुग्ण एक-दोन दिवसांत चालत घरी गेला असता, तीच आता अतिदक्षता कक्ष, रक्त, आठवडाभराचा मुक्काम आणि जिवाची धास्ती घेऊन येते.

महाराष्ट्राचे योगदान

जाळीमुळे शस्त्रक्रिया सुधारली, पण सुरुवातीच्या काळात तिची किंमत ग्रामीण रुग्णाच्या आवाक्याबाहेर होती. या अडचणीवर उपाय शोधणाऱ्यांत धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यविशारद डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. मच्छरदाणीच्या कापडाचा धागा वैद्यकीय जाळीच्या धाग्याशी मिळताजुळता असल्याचे पाहून त्यांनी ते कापड निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेतीनशेहून अधिक हर्नियांवरील आपला अनुभव २००३ साली प्रसिद्ध केला. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर काटेकोर तुलनात्मक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. एका वर्षानंतर स्वस्त जाळी आणि महागडी जाळी यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. खानदेशातील एका लहान गावात सुचलेली कल्पना अशी जगाच्या कसोटीला उतरली. अर्थात हे काम योग्य कापडाची पारख आणि शास्त्रशुद्ध निर्जंतुकीकरण यांखेरीज करण्याचे नव्हे.

पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी जाळी न वापरता, रुग्णाच्याच पोटावरील चिवट पडद्याची पट्टी वळवून वंक्षण हर्निया दुरुस्त करण्याची पद्धत २००१ साली मांडली आणि तिचीही अनेक देशांत दखल घेतली गेली. ती वंक्षण नलिकेपुरती आहे. फिमोरल फटीसाठी वेगळीच दुरुस्ती लागते.

उशीर कोठे होतो

नांदेडला १९८८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि लातूरलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शस्त्रक्रिया करणारे हात आपल्या भागात नाहीत, असे आता म्हणता येणार नाही. उशीर होतो तो बहुधा त्याआधी, घराच्या उंबरठ्याच्या आत.

जागा लाजेची, म्हणून बाई सुनेलाही सांगत नाही. सांगितलेच तर सोयाबीनची रास होऊ दे, ऊसतोडीचा हंगाम सरू दे, नातीचे लग्न उरकू दे, अशी पुढची तारीख निघते. गाठ दुखत नाही तोवर तिच्यावर पैसा का घालवायचा, असा रोखठोक हिशेबही असतो. या हिशेबात गरिबी आहे आणि तिला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही.

दोष रुग्णालयांच्या बाजूनेही घडतो. उलट्या होत असलेल्या वृद्धेला सलाईन लावले आणि जांघ पाहायची राहून गेली, असे कोणत्याही गर्दीच्या रुग्णालयात होऊ शकते. आमचे रुग्णालय त्याला अपवाद आहे, असे आम्ही म्हणणार नाही. त्यावर उपाय साधा आहे. पोटाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक स्त्रीची जांघ परिचारिकेच्या उपस्थितीत, पडद्याआड, शक्य असल्यास उभे करून आणि खोकायला सांगून तपासावी. या तपासणीला दोन मिनिटे पुरतात.

रुग्णाच्या आप्तांनी एवढे ध्यानी ठेवावे. आत न जाणारी, टणक किंवा दुखरी गाठ, तिच्याबरोबर उलट्या, पोटफुगी किंवा शौच व वारा बंद होणे, ही तातडीची लक्षणे आहेत. अशी गाठ चोळू नये, दाबून आत ढकलू नये, रुग्णाला खाऊपिऊ घालू नये. रात्र असली तरी शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. नियोजित शस्त्रक्रियेसाठी येताना शिधापत्रिका व आधार कार्ड बरोबर आणावे आणि रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी.

देणगीदारांसाठी दोन शब्द

राज्यातील धर्मादाय रुग्णालयांवर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये एक जबाबदारी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी देयकांच्या रकमेतील दोन टक्के वाटा निर्धन रुग्ण निधीत जमा होतो. कायद्याने घालून दिलेली ही किमान मर्यादा आहे. सेवाभाव तिच्या पुढे सुरू होतो.

आम्हांला वारंवार येणारा एक अनुभव येथे नमूद करावासा वाटतो. आतडे काळवंडलेल्या, मृत्यूशी झुंजणाऱ्या आजींसाठी मदत मागितली, तर हात चटकन पुढे येतात आणि त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण त्याच आजी सहा महिने आधी, चालत-बोलत, लिंबाएवढी न दुखणारी गाठ घेऊन आल्या असत्या, तर त्यांच्यासाठी मदत मागणे आम्हांलाच जड गेले असते. संकट दिसत नसताना दिलेला पैसा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. त्याचे छायाचित्र अहवालात छापता येत नाही, कारण छापण्याजोगे काही घडलेलेच नसते. आजी दुसऱ्या दिवशी घरी जातात, महिन्या-दीड महिन्याने घरकामाला लागतात, एवढेच.

म्हणून विश्वस्त मंडळास आणि आपणां सर्वांस आमची विनंती आहे की निधीचा काही भाग नियोजित हर्निया शस्त्रक्रियांसाठी, त्यातही स्त्रियांसाठी, स्वतंत्र राखून ठेवावा. आपण या लेखातील माहिती घरातील एखाद्या वडीलधाऱ्या स्त्रीला वाचून दाखवलीत, तर तीही आमच्या दृष्टीने देणगीच आहे. “कोणाला सांगायचं?” या प्रश्नाला तिला घरातच उत्तर मिळावे. पुढचे काम आमचे आहे, आणि ते आपल्या पाठबळावर करण्यास आम्ही बांधील आहोत.